डावीकडची बादली

सिल्वासा
८ डिसेंबर २०२४

आबा,

एखाद्यावर जन्मभराची बंदी घालतात, म्हणजे त्यानं नेमकं किती वाईट केलेलं असावं लागतं? आईनं काल मला हे विचारलं. घरात पदवी घेतलेली मी एकटी, त्यामुळे रेशनकार्डापासून आभाळापर्यंत सगळं मला ठाऊक असणार असं ती धरून चालते. शोधून सांगते म्हटलं, तर म्हणाली, "शोधीसनच सांग. माले गोड बोलीसन नको सांगू."

तुमचा पत्ता तुमच्याच तबेल्यातल्या बारकूकाकांनी दिला. मी दिला असं सांगू नकोस म्हणाले होते, पण पहिल्याच पत्रात खोटं नको. तुम्ही सांगलीकडे टांगा-शर्यतीच्या घोड्यांकडे आहात, फोन मुद्दाम बंद ठेवता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. घरी आपण अहिराणी बोलतो, पण ती लिहायची मला सवय नाही. शाळेतलं मराठी लिहिते आहे. परकं वाटलं तर समजून घ्या.

घोडी पोहोचली. वीस नोव्हेंबरला बारकूकाका टेम्पोतून तिला घेऊन आले आणि वाल्मिकमामाच्या गोठ्यात बांधून गेले. "नथूनं पाठवलीय, तिकडं ठेवली असती तर गेली असती," एवढंच बोलले. मामा लग्नांना भाड्यानं देतो त्या दोन घोड्या तिच्या पोटापर्यंत येतात. मामा म्हणतो, हिच्यावर नवरदेव बसवला तर लोक नवरदेव बघायचेच नाहीत. पुढचा उजवा पाय ती जपून टाकते, गुडघ्याखाली शीर धनुष्यासारखी फुगलेली आहे. पण चालते.

पहिले तीन दिवस तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मामाच्या माणसाच्या खांद्याला चावली. चौथ्या दिवशी आई भाकरी घेऊन गेली आणि सहज बोलली, "उभी ऱ्हाय वं माय, काय व्हयनं तुले?" घोडीचे कान तिच्याकडे वळले आणि ती शांत उभी राहिली. आई घरी आली ती पदर डोळ्याला लावूनच. तुम्ही तिकडे इतकी वर्षं कुणाशी बोलत होता, ते आम्हाला कळलं.

तिची एक गंमतही सांगते. पाठीवर खोगीर टाकून पट्टा आवळला की ती मान डावीकडे वळवते आणि खाली काहीतरी शोधते. तिथं पाण्याची बादली ठेवली की अर्धी संपवते आणि मगच चालायला लागते. मामा म्हणतो, राणीसाहेबांना नटल्यावर तहान लागते.

बारकूकाकांनी रेसकोर्सचा कागदही दिला. इंग्रजीत आहे, मी दोनदा वाचला. चौदा सप्टेंबरला पाचव्या वर्गाच्या शर्यतीत 'पेपर लँटर्न' ही घोडी शेवटच्या वळणानंतर कोसळली. शिकाऊ जॉकी संजू जबर जखमी झाला. घोडीच्या रक्तात दुखणं दाबण्याचं औषध सापडलं. तिचं खाणंपिणं तिचा सईस नथू याच्या, म्हणजे तुमच्या, ताब्यात होतं, म्हणून त्याच्यावर कायमची बंदी. आदेश तीन ऑक्टोबरचा. सहा महिन्यांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं शेवटी बारीक अक्षरात आहे. ते तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं का?

तुम्ही औषध दिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मला ताप आला तरी औषध देण्याआधी तुम्ही आईला तीन माणसांना विचारून यायला लावायचात. मी अर्ज लिहिणार आहे. बंदी उठली की तुम्हाला तोंड लपवायचं कारण उरणार नाही आणि तुम्ही घरी याल. तुम्हाला जे आठवतं ते फक्त लिहून पाठवा.

रजनी


सिल्वासा
२९ डिसेंबर २०२४

आबा,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण या तीन आठवड्यांत मी पुष्कळ शिकले.

आमच्या फॅक्टरीत प्रमोद सर म्हणून मॅनेजर आहेत, पुण्याचे. मी तिथं क्वालिटीला आहे, सुताच्या बॉबिन तपासून ग्रेड लावते. सरांच्या खणात शर्यतींची जुनी पुस्तकं असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मागितली तेव्हा ते हसले. "रजनी, तूसुद्धा? मला वाटलं या खात्यात एक तरी माणूस सरळ आहे." मी त्यांना सांगितलं की माझे वडील घोड्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. सईस म्हणायला जीभ वळली नाही. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे असं नव्हतं, पण सांगते आहे.

जेवणाच्या सुट्टीत ते मला रोज थोडं शिकवतात. जो घोडा कधीच जिंकलेला नाही, त्याची शर्यत वेगळी, तिला मेडन म्हणतात. डर्बीसारख्या मोठ्या शर्यती ठरावीक वयाच्या निवडक घोड्यांच्या, तिथं पाठीवरचं वजन जवळजवळ सारखं. आणि उरलेल्या बहुतेक शर्यती वर्गांच्या, पहिल्या वर्गापासून पाचव्यापर्यंत. प्रत्येक घोड्याला एक अधिकारी गुण देतो. ऐंशीच्या वर गेला तर पहिला वर्ग, सव्वीसपर्यंत असला तर पाचवा. त्याच्या खाली काही नाही.

"शाळेत नापास झालं की त्याच वर्गात बसवतात," सर म्हणाले. "इथं खालच्या वर्गात ढकलतात. आणि हुशार निघालास, तर बक्षीस म्हणून पाठीवर शिसं."

खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून वजन वाढवतात, हे मला पहिल्यांदा कळलं. वर्गात जो सगळ्यात चांगला त्याच्यावर साठ-एकसष्ट किलो, जो सगळ्यात कच्चा त्याच्यावर पन्नास. सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोहोचावेत, असं मनात धरून तो अधिकारी वजनं लावतो. सरांना यात जुगार दिसतो. मला न्याय दिसला, आबा. खरंच. ज्याच्यात ताकद आहे त्यानं जास्त ओझं उचलायचं, कमजोराला हलकं करायचं, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. असं एखादं खातं सरकारात असावं, असं मी सरांना म्हटलं. ते बराच वेळ हसत होते.

मग मी आपल्या घोडीचा शोध घेतला. तिनं पहिल्या वर्षी मेडन जिंकली. चौथ्या वर्गात जिंकली. तिसऱ्या वर्गात दुसरी आली, गुण चोपन्न. सर म्हणाले, ही पहिल्या वर्गापर्यंत जाण्यासारखी होती. आणि तिथून पुढं चौदा महिन्यांत आठ शर्यती, आठही वेळा शेवटच्या तीनात. चोपन्नाचे पन्नास, पन्नासाचे शेहेचाळीस, असे उतरत पंचवीस. तिसऱ्या वर्गातून पाचव्यात.

मला वाटतं पाय आधीपासूनच दुखत असणार आणि मालकांनी लक्ष दिलं नाही. अर्जात हाच मुद्दा घालते. पाय आधीपासून दुखत होता, तर औषध कुणाला हवं होतं? सईसाला की ट्रेनरला? मुद्दा चांगला आहे ना?

परवा किलवणीला लग्न होतं. मामानं तिला झूल घातली, मोत्यांची झालर बांधली, कुणीतरी फटाक्यांची माळ पायाशीच लावली. ती हललीसुद्धा नाही. फक्त मान डावीकडे करून उभी राहिली. बादली आणायला मीच पळाले.

रजनी


सिल्वासा
१९ जानेवारी २०२५

आबा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं.

मी संजूशी फोनवर बोलले. नंबर बारकूकाकांचाच. माझी समजूत होती की तो तुम्हाला शिव्या देईल. त्यानं आधी घोडीचं विचारलं. जिवंत आहे म्हटल्यावर म्हणाला, "चला, दोघांपैकी एक तरी चालतंय." बावीस वर्षांचा आहे. कमरेखाली काही हलत नाही. कुशीवर वळवायला आईला हाक मारावी लागते. हे त्यानं तक्रार म्हणून नाही सांगितलं, फोन मध्येच ठेवावा लागला त्याचं कारण म्हणून सांगितलं.

परत फोन लागला तेव्हा मी अर्जाबद्दल बोलले. तुमची यात चूक नाही, असंही बोलले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, अर्जाचं मला कळत नाही. मला एकच सांगा. ती घोडी पाचव्या वर्गाची नव्हती. सुटल्यासुटल्या मांडीखाली कळतं. मी आवरत होतो तिला. एवढी घोडी त्या शर्यतीत काय करत होती?"

शोधून सांगते म्हटलं. आईला दिलं तेच उत्तर.

मी पुन्हा पुस्तकं काढली, या वेळी वजनाचा रकाना बघितला. आधी मी फक्त क्रमांक बघत होते. आबा, वरच्या वर्गाच्या तळाशी असताना तिच्यावर पन्नास किलो होतं. खालच्या वर्गात ढकलल्यावर ती तिथल्या कच्च्यांमध्ये सगळ्यात चांगली ठरली, म्हणून वजन एकदम साठ. पाचव्या वर्गातल्या त्या शेवटच्या शर्यतीत तर एकसष्ट, सगळ्यांत जास्त. खाली गेलं की हलकं होत नाही, जड होतं. आणि ते जड थोडं कमी व्हावं म्हणूनच तिच्यावर शिकाऊ जॉकी बसवला. शिकाऊला साडेचार किलोची सूट मिळते. संजू तिच्यावर होता तो त्या साडेचार किलोंसाठी.

सरांना विचारलं, चांगली घोडी सलग आठदा हरते म्हणजे काय? म्हणाले, जॉकी लगाम ओढून धरतात. मी रकाना दाखवला. आठ शर्यतींत पाच वेगवेगळे जॉकी. सरांनी रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाचही जण ओढतील असं नाही. मग पाणी. शर्यतीच्या दिवशी सकाळनंतर घोड्याला पाणी तोडतात. निघायच्या आधी कुणी अर्धी बादली पाजली, की संपलं. पोटात पाणी डुचमळत असेल तर कुठला घोडा पळेल? आणि लघवी तपासा, रक्त तपासा, पाणी कुठं सापडतंय?"

सरांना काही कळलं नाही. ते चहा प्यायले आणि गेले. मी दुपारभर बॉबिन तपासत होते आणि एकही ग्रेड मला खात्रीनं लावता येत नव्हती.

घरी जाण्याआधी मामाच्या गोठ्यावर गेले. लग्न नव्हतं. मी खोगीर चढवलं आणि पट्टा आवळला. तिनं मान डावीकडे वळवली. बादली नव्हती. ती वाट बघत राहिली, आबा. मी पुढं ओढली तरी पाऊल टाकेना.

पट्टा आवळल्यावर डावीकडे बादली मिळते, हे तिला कुणी शिकवलं? कितीदा पाजलं म्हणजे घोडा असं शिकतो?

जॉकी पाच होते. सईस एकच.

तुम्ही नाही म्हणा. फक्त दोन शब्द लिहा, मी ते खरे धरून अर्ज पाठवीन. असं लिहायला नको होतं, पण पुन्हा फाडणार नाही.

रजनी


सिल्वासा
२३ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर कुणाचं आहे? बहुतेक तिथल्या शाळेतल्या मुलीचं, जोडाक्षरं फार काळजीनं काढली आहेत. तिला हे सगळं तुम्ही तोंडी सांगितलंत, आणि मला सांगायला माझी तीन पत्रं लागली.

तुमचं म्हणणं मला नीट कळलं का, ते बघा. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

पाय दुखतो हे आधी तुम्हाला कळलं. ट्रेनरला सांगितलंत, ट्रेनर म्हणाला सईसानं आपला खरारा तेवढा करावा. डॉक्टरला सांगितलंत, त्यानं वरवर हात फिरवला. तिसऱ्या वर्गात ती सगळा जीव लावून पळायची आणि रात्री पाय वर धरून उभी राहायची. मग एका शर्यतीच्या आधी पट्टा आवळल्यावर तुम्ही तिला अर्धी बादली पाजलीत. ती सावकाश पळाली. रात्री चारही पायांवर उभी राहिली. तुम्हाला वाटलं, सापडलं औषध. हरत राहिली की खालच्या वर्गात जाईल, तिथं घोडे हळू, जॉकी मारणार नाहीत, म्हातारपण येईपर्यंत निभेल. दुसऱ्या वेळी केदारनं बघितलं. केदार म्हणजे ट्रेनरचा उजवा हात, हे तुम्ही नंतर लिहिलंय. तो ओरडला नाही. पुढच्या शर्यतीला येऊन म्हणाला, "आज पण पाज." नाही म्हटलं असतं तर घोडी दुसऱ्या सईसाकडे गेली असती. म्हणून पाजत राहिलात. आणि चौदा सप्टेंबरला तो म्हणाला, "आज नको." त्यानं स्वतः सुई आणली, टोचली, तुम्हाला बाहेर उभं केलं. घोडीवर त्या दिवशी कुणाकुणाचे पैसे होते, ते तुम्हाला माहीत नाही.

बदल्यात तुम्ही काही घेतलं नाहीत, असं तीनदा लिहिलंय. मला ते खरं वाटतं. घेतलं असतंत तर समजायला सोपं गेलं असतं.

मी पत्र आईला वाचून दाखवलं. गोड करून नाही, जसं होतं तसं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "तिचा पाय दुखायचा ते त्याले समजनं. त्या पोऱ्याची आई त्याले नही समजनी." मग तांदूळ धुवायला टाकले.

तुम्ही लिहिता, अर्जात औषधाचंच लिही. औषध मी दिलं नाही हे खरंच आहे, केदारनं दिलं, बारकू साक्षीला आहे. पाण्याचं काही लिहू नकोस. पाण्याचं कुणालाच माहीत नाही. बंदी उठेल, मी दिवाळीला येईन.

हे सगळं बरोबर आहे. एकही शब्द खोटा लिहावा लागणार नाही. मी असा अर्ज या चार दिवसांत तयार करून ठेवला आहे, तीन पानी, आणि तो चांगला झाला आहे. वाचणाऱ्याला पटेल. पण संजूचं काय? घोडीला औषध कुणी दिलं, हे त्याला कळेल. ती घोडी पाचव्या वर्गात काय करत होती, हे नाही कळणार. त्यानं मला दुसरं काही विचारलंच नव्हतं. आणि पाण्याचं बाहेर आलं नाही, तर केदार एका सुईचा गुन्हेगार ठरेल. चौदा महिने त्यानं घोडी पायरी-पायरीनं खाली उतरवली, पण पाणी तुमच्या हातून गेलं म्हणून ते कुठंच नोंदलं जाणार नाही.

ज्या गुणांच्या पद्धतीला मी न्याय म्हणत होते, तिला फसवायला फक्त हरावं लागतं. सर हसले ते बरोबर होतं.

घोडीचा पाय सुजलाय. जनावरांच्या डॉक्टरनं पुन्हा पाठीवर वजन नको सांगितलं. मामा आधी कुरकुरला, सीझन चालू आहे म्हणाला, दुखण्याची सुई मारून एवढा महिना काढू म्हणाला. मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. आता ती नुसती उभी असते.

पत्र तुम्ही जपून ठेव म्हणाला नाहीत आणि फाड पण म्हणाला नाहीत. ते माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीत आहे.

रजनी


सिल्वासा
२३ मार्च २०२५

आबा,

तुम्ही बारकूकाकांच्या फोनवरून दोनदा बोललात. तुमचा आवाज सहा महिन्यांनी ऐकला. मी धड काही बोलले नाही, याचा तुम्हाला राग आला असेल. तुम्ही विचारत होता, अर्ज गेला का, मुदत संपायला आलीय. मी "बघते" म्हटलं. तेव्हा मला ठरवता आलं नव्हतं. आता लिहिते.

बुधवारी मी प्रमोद सरांना सांगितलं की माझे वडील दवाखान्यात मदतनीस नव्हते, सईस होते, आणि पेपर लँटर्न त्यांच्याकडे होती. सरांनी चष्मा काढून पुसला. अर्ज त्यांना वाचायला दिला होता, दोन्ही. तीन पानी आणि नवा. तीन पानी वाचून म्हणाले, "हा जिंकेल." नवा वाचून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मुली, हा पाठवलास तर तुझा बाप कुठल्याच तबेल्यात पाय ठेवू शकणार नाही. वरून पोलीस आले तर?" मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी मग इंग्रजीतल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या. दुसऱ्या दिवशी खणातली पुस्तकं त्यांनी घरी नेली होती.

आईला विचारलं. मी पाठवू का, असं नाही विचारलं, ते ओझं तिच्यावर नको होतं. विचारलं, आबा परत आलेच नाहीत तर तुझं कसं? ती म्हणाली, आठ वर्षं तो मोसम संपल्यावर महिनाभर येत होता, तो महिना तिनं कधी मोजला नाही, आता मोजायला बसणार नाही. आणि थोड्या वेळानं, "त्याले सांग, घोडीले मी पाणी पाजस. दिवसभर. तिले पाहिजे तवढं."

खरं आहे ते. आई सकाळ-संध्याकाळ मामाच्या गोठ्यावर जाते. बादली घोडीच्या डावीकडे ठेवते. पाठीवर आता काहीच नसतं, तरी घोडी आधी मान वळवून बघते आणि मग पिते. आम्ही बादली उजवीकडे ठेवून पाहिली. ती प्यायली नाही.

मला तुमचा राग आहे का, असं तुम्ही फोनवर दुसऱ्यांदा विचारलंत. आहे. तुम्ही वाईट माणूस असतात तर एवढा आला नसता. घोडीचं दुखणं तुम्हाला बघवलं नाही, हे मी अर्जातही लिहिलं आहे, आणि ट्रेनरला, डॉक्टरला सांगून कुणी ऐकलं नाही, तेही नावं घालून लिहिलं आहे. केदारची सुई लिहिली. बारकूकाकांनी सही दिली, त्यांचीही नोकरी जाईल. वजनांचे सगळे रकाने जोडले, तिसऱ्या वर्गापासून पाचव्यापर्यंत, आठ शर्यतींचे आणि त्या शेवटच्या शर्यतीचा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसावं की ती कशी उतरली आणि संजू तिच्यावर कसा येऊन बसला. त्याची एक प्रत मराठीत करून संजूला पाठवली. त्याच्या आईला वाचता येतं.

तुमचं पत्रही सोबत जोडलं. मूळ. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली.

शुक्रवारी सुट्टी घेऊन पोस्टात गेले. रजिस्टर केलं, पावती सर्टिफिकेटांच्या फायलीत आहे, जिथं आधी तुमचं पत्र होतं. तुम्ही म्हणाला होता, पाण्याचं लिहू नकोस. मी अर्जाची सुरुवातच त्यानं केली आहे.

रजनी